रसवंतीवरची तोंडी परीक्षा

आमच्या मॅडम तोंडी परीक्षा रसवंतीवर घेत. अमरावतीत आमच्या नर्सिंग स्कूलच्या फाटकासमोर उसाच्या रसाचं एक दुकान होतं. इंजिन सुरू झालं की चरकाला बांधलेली घुंगरं वाजत आणि शेजारी ऑटोवाले सवारीवरून भांडत. मॅडम बाकावर बसत, समोर एका मुलीला उभं करत आणि कानाचे भाग विचारत. आम्ही ओरडून उत्तर द्यायचो. वर्षानुवर्षं ऐकून ऑटोवाल्यांनाही बाह्यकर्ण, मध्यकर्ण, अंतर्कर्ण पाठ झालं होतं. एकदा एक मुलगी अडली, तेव्हा मागून एका ऑटोवाल्याने "अंतर्कर्ण" म्हणून सांगितलं. मॅडमनी मुलीचा अर्धा मार्क कापला. ऑटोवाल्याला विचारलं, अंतर्कर्णात काय काय असते ते सांग. तो सवारी घेऊन निघून गेला.

पावसाळ्यात रसवंती बंद असायची. मग परीक्षा मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत होई आणि आम्ही पांढऱ्या भुवया घेऊन होस्टेलवर परत यायचो.

वर्ग सोडून इथे कशाला, असं आमच्या आधीच्या बॅचने एकदा विचारलं होतं म्हणे. मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. "शांततेत कोणालेही उत्तर येते. वॉर्डात शांतता रायते का?"  मुलींनी त्यांचं नाव रसवंती मॅडम ठेवलं आणि विषय तिथेच संपला.

मॅडम मूळच्या तेल्हाऱ्याच्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा चाळिशीच्या असतील. सडपातळ, फिकट सुती साडी, पायात रबरी तळव्यांच्या चपला. लग्न केलं नव्हतं. स्कूलमध्ये त्या शस्त्रक्रिया आणि औषधोपचाराचं नर्सिंग शिकवत. डोळे, नाक, घसा हे सगळं मिळून त्या दोन दिवसांत उरकत. कानाला तीन आठवडे देत. माणूस डोळे मिटू शकतो, तोंड मिटू शकतो, कान मिटता येत नाहीत, म्हणून त्याची काळजी दुसऱ्याने घ्यावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा आवाज फार हलका होता. पन्नास मुलींच्या वर्गात त्या शेजारणीला गुपित सांगावं तशा बोलत. आम्ही बाकावरून पुढे वाकून ऐकत असू. त्यामुळे त्यांच्या तासाला कोणाला झोप लागत नसे, आणि हा त्यांचा शिकवण्याचा डाव आहे अशी आमची समजूत होती.

वर्गाच्या दारात त्या केसांच्या पिना तपासत. पिन असायला हरकत नव्हती, पण पिनेचं टोक पिवळं दिसलं, म्हणजे तिने कान कोरलेला असला, तर ती जप्त व्हायची. त्यांच्या टेबलावर एक काचेची बरणी होती. तिच्यात त्यांच्या नोकरीत वेगवेगळ्या कानांतून निघालेल्या वस्तू होत्या. काडीपेटीच्या काड्या, पेन्सिलीचं रबर, पोतीतला मणी, तूर, हरभरा, कापसाचे बोळे. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठीवर माणसाचं नाव नसे, फक्त गाव आणि वस्तू. "दर्यापूर, हरभरा." मी दर्यापूरजवळची, त्यामुळे तीन वर्षं मला हरभरा म्हणत.

हरभऱ्याचीच आणखी एक गोष्ट. लेकराच्या कानात हरभरा गेला तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. माझ्या मैत्रिणीने सांगितलं, पिचकारीने पाणी मारून काढू.  मॅडमनी तिला औषध मोजायच्या छोट्या ग्लासात गच्च हरभरे भरायला लावले, वर पाणी ओतायला लावलं आणि तो ग्लास वर्गातच कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी हरभरे फुगून ग्लासाबाहेर आले होते. तिला तो ग्लास दिवसभर हातात धरून बसायला सांगितलं. ती आज अकोल्याला एका दवाखान्यात सिस्टर इनचार्ज आहे. कानात दाणा गेलेलं लेकरू आलं की आधी पाण्याचा तांब्या दूर नेते आणि मग डॉक्टरांना बोलावते.

प्रत्येक बॅचला एक बहिरा दिवस असायचा. त्या दिवशी सकाळी मॅडम स्वतः प्रत्येकीच्या दोन्ही कानांत व्हॅसलिन लावलेला कापूस नीट बसवत आणि संध्याकाळपर्यंत काढायचा नाही असं बजावत. मग कामं वाटून देत. मला इतवारा बाजारातून होस्टेलसाठी भाजी आणायची होती. वाटलं, त्यात काय. पहिल्याच भाजीवाल्या बाईने काहीतरी विचारलं. मी "काय?" म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा मी पुन्हा "काय?" म्हटलं. तिसऱ्यांदा मला लाज वाटली आणि मी "हो" म्हटलं. ती हसली, शेजारचीही हसली. मी परत आले तेव्हा पिशवीत अर्ध्या किलोऐवजी अडीच किलो वांगी होती, आणि कशाला हो म्हटलं हे मला अजूनही माहीत नाही.

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांच्या कानांतला कापूस काढला आणि एकेकीला विचारलं, दिवसभरात किती वेळा खोटं हो म्हटलं. कोणी दहा सांगितलं, कोणी वीस. मी खाली मान घालून उभी होते. त्या म्हणाल्या, "पाहा बाई. कमी ऐकू येणारा माणूस तिसऱ्या खेपेले हो म्हणते. तुमी खूश होऊन वहीत लिहिता, पेशंटले समजलं. त्याले काई समजलं नसते. म्हणून त्याले समजलं का, असं विचारायचं नाई. काय समजलं ते त्याच्या तोंडून वदवायचं."

बाकीचे नियमही असेच होते. पेशंटच्या समोर उभं राहायचं, आपल्या तोंडावर उजेड पडेल असं. ओरडायचं नाही, कारण ओरडताना तोंड वाकडं होतं आणि ओठ वाचता येत नाहीत. त्यांच्याकडे पाठ फिरवून बोलणाऱ्या मुलीला त्या उत्तरच देत नसत. मास्कचे दिवस आले तेव्हा तर, सिनिअर मुली सांगायच्या, मॅडमनी साड्यांच्या पिशव्यांचं प्लास्टिक कापून मास्कला तोंडापाशी खिडकी शिवायला लावली होती. बहिऱ्या पेशंटसाठी, असं कारण दिलं होतं. त्या खिडकीवर वाफ जमायची आणि आतली बाई माशासारखी दिसायची. पण पूर्ण स्कूल तशीच फिरली.

एकदा वॉर्डात वलगावचे एक म्हातारबाबा दाखल झाले. मुलं, सुना, भाजीची वाडी, सगळं असलेले. केसपेपरवर लिहिलं होतं, रुग्ण सहकार्य करत नाही. मुलांनी सांगितलं की बाबाचं डोकं सहा महिन्यांपासून काम करत नाही, आपण विचारतो एक आणि ते सांगतात दुसरंच. घरात त्यांना कोणी काही विचारायचंच बंद झालं होतं. मॅडमनी त्यांच्यासमोर स्टूल ओढला आणि वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, तुमच्या वाडीत यंदा काय लावलं. बाबांनी वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कोणत्या वाफ्यात काय, सगळं बिनचूक सांगितलं. मग मॅडमनी बॅटरी लावून कानात पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. दोन्ही कान मळाने डांबर भरल्यासारखे बुजलेले होते. चार दिवस थेंब टाकून मळ मऊ केला, पाचव्या दिवशी डॉक्टरांनी कान धुतले.

बाबांनी पहिल्यांदा छताकडे पाहिलं आणि पंखा फार आवाज करतो म्हणाले. मग मॅडमना जवळ बोलावून सांगितलं की पोरांना इतक्यात सांगू नका. दुपारी मुलं भेटायला आली. बाबा डोळे मिटून पडून राहिले आणि तासभर सगळं ऐकलं. मुलं उठून जायला लागली तेव्हा म्हणाले, "धाकल्या, वाडीतलं आंब्याचं झाड तोडाचं नाई." धाकटा खालीच बसला. मॅडमनी केसपेपरवरचं ते वाक्य खोडून खाली लिहिलं, रुग्ण आता कुटुंबाशी सहकार्य करत आहे, कुटुंबाचं अजून पाहावं लागेल.

अशा बाईला स्वतःलाच कमी ऐकू येतं, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. मलाही आलं नसतं, पण माझ्या हाताला घाम येतो.

दुसऱ्या वर्षी ट्यूनिंग फोर्कची प्रात्यक्षिकं सुरू होती. हा दोन पात्यांचा लोखंडी चिमटा. हलकेच आपटला की गुणगुणतो. आधी त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवायची. आवाज बंद झाला असं पेशंटने सांगितलं की तीच पाती कानासमोर धरायची. निरोगी माणसाला तिथे आवाज पुन्हा ऐकू येतो. कारण कानाच्या वाटेने हाडापेक्षा चांगलं ऐकू येतं. ज्याच्या पडद्यात किंवा आतल्या हाडांत बिघाड आहे, त्याला येत नाही. आम्ही जोडीजोडीने करत होतो. त्या दिवशी माझी जोडीदार गावी गेली होती. सगळ्यांचं झालं, मुली जेवायला गेल्या आणि मी राहिले. मॅडम म्हणाल्या, माझ्यावर कर.

हाडावर टेकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ. मग बोट वर केलं, बंद झाला. मी चिमटा उचलून कानासमोर धरला, पण उचलताना माझी ओली बोटं पात्यांवर घसरली. गुणगुण तिथेच थांबली. चिमट्यात काही आवाज उरला नव्हता, आणि आता माफी मागून पुन्हा करावं म्हणून मी तोंड उघडणार तोच मॅडम म्हणाल्या, "येते. चांगला येते."

 चिमटा तसाच त्यांच्या कानासमोर धरून उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले, आधी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग माझ्या बोटांकडे पाहिलं.

"फोर्क दांडीले धरत जाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दार लावून घे."

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच पुस्तकात होतं, आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. मध्यकर्णात घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, शरीरातलं सगळ्यात लहान. काही घराण्यांत, बायांमध्ये जास्त, ते हळूहळू जागच्या जागी घट्ट बसतं आणि हलेनासं होतं. ओटोस्क्लेरोसिस. अशा माणसाला स्वतःचा आवाज डोक्यात मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो. गोंगाटात त्याला उलट बरं ऐकू येतं, कारण गोंगाट त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि समोरचा मात्र आपोआप मोठ्याने बोलतो. मी मनात रसवंती, गिरणी, खिडकीचे मास्क असं सगळं एकापाठोपाठ मोजत होते. त्यांच्या आईलाही तेच. प्रत्येक बाळंतपणानंतर थोडं थोडं जास्त. गावात तिला बैरी म्हणत. मॅडमना नऊ वर्षांपासून होतं आणि नऊ वर्षांपासून कोणाला माहीत नव्हतं.

याचं ऑपरेशन होतं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. ते घट्ट बसलेलं हाड काढून तिथे तांदळाच्या दाण्याएवढा पिस्टन बसवतात. मी म्हटलं, मग तुम्ही का करत नाही, पेशंटला तर तुम्ही भ्यायचं काही नाही असं सांगता. मॅडम म्हणाल्या, "पेशंटचा कान मायावाला नसते. हा माया सोताचा." क्वचित कोणाचा तो कान ऑपरेशननंतर कायमचा जातो, ते त्यांनी एकदा पाहिलं होतं.

मग त्यांनी मला कोणाला सांगू नको असं सांगितलं नाही. मीही वचन दिलं नाही. पण मी कोणाला बोलले नाही. आपल्याला एक गुपित कळलंय याचा मला अभिमानच वाटत होता, हे खरं सांगते. त्यात काही धोका आहे असं वाटलं नव्हतं.

धोका सहा महिन्यांनी समोर आला. आम्ही आठ मुली मेडिकल वॉर्डात होतो, मॅडम सोबत होत्या. स्टाफ सिस्टर एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेल्या होत्या. तीन नंबरच्या पलंगावर फुलांचे हार विकणारी एक आजी होती. साखर वाढलेली, पायाला जखम, अंगात मांस म्हणून नव्हतं. दुपारच्या जेवणाआधी तिला इन्सुलिन द्यायचं होतं आणि किती द्यायचं ते डॉक्टर फोनवर सांगणार होते. नेमकी लाईट गेली. पंखे थांबले, वॉर्ड एकदम शांत झाला. फोन वाजला. मॅडमनी घेतला, ऐकलं, आपल्या हलक्या आवाजात परत म्हणून दाखवलं, ठेवला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर होतं, चाळीस युनिट.

चाळीस म्हणजे ती बारीक सिरिंज तोंडापर्यंत भरून. मी आजीचा कालचा कागद पाहिला. काल बारा दिलं होतं. साखर कालच्यापेक्षा फार वाढलेली नव्हती. मी विचारलं, मॅडम, फोर्टी ना? त्या म्हणाल्या, हो. मी पुन्हा विचारलं, फोर्टी की फोर्टीन? त्या पुन्हा हो म्हणाल्या. बाकीच्या सात जणी उभ्या होत्या. आजी बेंबीशेजारची जागा उघडी करून वाट पाहत होती, तिला भूक लागली होती.

मी एवढ्या मोठ्या बाईला मुलींसमोर काय म्हणणार होते? तुम्हाला ऐकू येत नाही, असं?  मी त्यांच्या समोर गेले, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल अशी उभी राहिले, मास्क खाली ओढला आणि म्हटलं, "मॅडम, लाईट गेलेली आहे. पंखे बंद आहेत."

मुलींना वाटलं, मला गरम होतंय. मॅडमनी वर थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी नीट सांगू शकणार नाही. त्यांनी माझ्या हातातून ट्रे घेऊन टेबलावर ठेवला आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

"तू लाव," त्या म्हणाल्या. "तू विचार."

डॉक्टर वैतागले. "वन, फोर. फोर्टीन. आत्ताच तर सांगितलं." मी एक आणि चार वेगवेगळे लिहिले, वेगवेगळे वाचून दाखवले. मॅडमच्या समोर चौदा युनिट भरलं आणि दिलं. त्यानंतर आजीचं जेवण संपेपर्यंत मॅडम तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून होत्या. आजी त्यांना जाईच्या फुलांबद्दल काहीतरी सांगत होती. मॅडमनी तिला चार वेळा थांबवून पुन्हा सांगायला लावलं. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी त्यांनी एका कागदावर लिहिलं, आज मी फोनवरचा आदेश चुकीचा ऐकला. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. हे मी नऊ वर्षं लपवलं. चूक विद्यार्थिनीने पकडली. मी म्हटलं, मॅडम, देऊ नका, काही झालं तर नाही ना. त्या म्हणाल्या, "झालं नाई म्हणून मी लिहून राहिली. झालं असतं तर वकिलानं लिहिलं असतं."

प्राचार्य सर भले गृहस्थ होते. त्यांनी कागद वाचला आणि फाडून टाकू का असं विचारलं, कारण अशा कागदासाठी समिती नेमावी लागते. मॅडमनी आवक नोंदवहीत स्वतःच नंबर टाकला. समिती नेमली गेली. मॅडमना वॉर्डातून काढून फक्त वर्गात ठेवलं. त्या दिवसापासून स्कूलमधला प्रत्येक माणूस त्यांच्याशी ओरडून बोलायला लागला. ज्यांना त्यांनी स्वतः ओरडू नका म्हणून शिकवलं, त्या सिस्टरसुद्धा. शिपाई तर चहा हवा का हे दोन्ही हात तोंडाशी धरून विचारायचा. मॅडम शांतपणे चहा घ्यायच्या. एकदाच त्या मला म्हणाल्या, "ऐकू कमी येते, अक्कल कमी झाली नाई, हे कोनत्या वहीत लिहू?" मला रडू आलं. गुपित ठेवलं ते चांगलं केलं की वाईट, हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं. खरं तर अजूनही येत नाही. सहा महिन्यांपूर्वी मी बोलले असते तर ती चिठ्ठी लिहिलीच गेली नसती.

समितीने सांगितलं, उपचार करून घ्या, मग पाहू. दिवाळीच्या आधी मॅडम नागपूरला गेल्या. सोबत कोणी पाहिजे होतं. भाऊ गावी, त्याची सोयाबीनची सोंगणी सुरू. त्यांनी माझं नाव सांगितलं. बसमध्ये त्या माझ्याशी अखंड बोलत होत्या, कारण बस फार आवाज करत होती. फक्त ऑपरेशनबद्दल एक शब्द नाही.

ऑपरेशन जागेपणीच करतात, कान तेवढा बधिर करून. मी बाहेर बसले होते. नंतर त्यांनी सांगितलं, पिस्टन बसवल्यावर सर्जनने हळू आवाजात विचारलं, काय ऐकू येतंय? मॅडम म्हणाल्या, तुमच्या मास्कच्या आतला श्वास. आणि मग टेबलावर झोपल्या झोपल्याच त्या रडल्या. सर्जनने डोकं हलवू नका म्हणून दम दिला.

दोन दिवस त्यांना चक्कर होती. तिथली एक नवीन नर्स येऊन विचारायची, मॅडम, चक्कर येते का? मॅडम डोळे मिटून सांगायच्या, हो-नाईचा प्रश्न विचारू नको, काय होऊन राहिलं ते सांगा म्हण. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, जड उचलायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. या सूचना त्या मुलीने दिल्या तेव्हा मॅडमनी त्या तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतल्या.

वर्गात परत आल्या तेव्हा त्यांना सगळ्याचा त्रास होत होता. वहीचं पान उलटलं की दचकायच्या. स्वतःच्या रबरी चपला इतकी वर्षं चुंई चुंई करत होत्या हे त्यांना तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी शिकवता शिकवता थांबल्या आणि शेवटच्या बाकाकडे पाहून म्हणाल्या, "रसवंती म्हनता का तुमी मले?"  त्यांनी पुढचं पान उलटलं. "बरं हाये. याच्याहून वाईट असंन म्हणून वाटलं होतं."

डिसेंबरात त्या मला तेल्हाऱ्याला घेऊन गेल्या. एवढं केलं तू, आता मायले भेट, असं सांगून. घरासमोरच्या अंगणात त्यांची आई उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सत्तरीची बाई, मॅडमसारखीच सडपातळ आणि मॅडमसारखीच हळू बोलणारी. दोघी माय-लेकी इतकी वर्षं एकमेकींशी असं कुजबुजत बोलायच्या, आणि दोघींनाही ऐकू जात नव्हतं. आम्ही बसलो, मॅडमही शेंगा सोलायला लागल्या. माय शेंगांकडे पाहतच काहीतरी पुटपुटली. मला कळलं नाही. मॅडमचे हात थांबले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

मॅडमनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुया कान बी माया सारखाच गेला का वं, असं म्हणते. हे ती दरवेळेस विचारे. असंच, खाली पाहून. मले वाटे, जेवली का विचारते. मी दरवेळेस हो म्हणून सांगो."

नऊ वर्षं जे जगात कोणाला माहीत नव्हतं, ते या बाईला पहिल्यापासून माहीत होतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही, कारण तिच्याशी कोणी बोलतच नव्हतं.

मॅडम उठल्या, आईच्या समोर उकिडव्या बसल्या, तोंडावर ऊन घेतलं. "गेला होता, माय," त्या सावकाश म्हणाल्या. "एक वापस आणला."

मायने लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डावा कान, उजवा कान, दोन्ही पाहिले. "न् दुसरा?"

"भेव वाटते."

"वाटू दे," माय म्हणाली. "जाय."

आणि तिने माझ्यापुढे सोलायला शेंगा सरकवल्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडम दुसऱ्या कानासाठी नागपूरला गेल्या. तोवर मी स्टाफ नर्स झाले होते. रजा टाकून सोबत गेले, आणि या खेपेला त्या बसमध्ये फक्त ऑपरेशनबद्दलच बोलत होत्या.